भुईगावचा दगड

मे महिन्याची सुट्टी लागली, की आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांच्या सहली ठरू लागतात. कोणी वेलंकनीला जातात, कोणी गोव्यातील जुनी चर्चेस पाहून येतात, कोणी समुद्रकाठच्या एखाद्या रिसॉर्टवर दोन दिवस काढतात. या यादीत वस्तुसंग्रहालयाचे नाव सहसा नसते. ते शाळेच्या सहलीचे ठिकाण आहे, अशी आपली समजूत असते. एकदा शिक्षकांच्या मागे रांगेत फिरून आले, की ते कर्तव्य आयुष्यभरासाठी पार पडले. यंदा मात्र मुलांच्या हट्टाने आमच्या घरची सहल शहरातील प्रदर्शने पाहण्यासाठी निघाली. ऐंशीकडे झुकलेली माझी आई, आम्ही उभयता, बारा-तेरा वर्षांची थोरली मुलगी आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान मुलगा, असे आम्ही पाच जण सकाळच्या गाडीने वसईहून चर्चगेटला उतरलो. सकाळी फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि परतीच्या वाटेवर गोरेगावचे मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय, असा बेत होता.

त्या दिवसाचे प्रवासवर्णन करण्याचा येथे हेतू नाही. पुस्तकाचे आपण परीक्षण करतो, नाटकाचे करतो. प्रदर्शनाचे मात्र करीत नाही. वास्तविक प्रदर्शन हीदेखील एक रचनाच असते. कोणती वस्तू निवडायची, कोणती कोठारात ठेवायची, कोणती कोणाशेजारी मांडायची, प्रकाश कोठून पाडायचा आणि वस्तूखालच्या पाटीवर काय लिहायचे, हे सारे कोणीतरी ठरवलेले असते. ग्रंथकर्त्याप्रमाणे प्रदर्शनकर्त्यालाही काही सांगायचे असते आणि काही न सांगता ठेवायचे असते. म्हणून प्रदर्शन नुसते पाहून भागत नाही, ते वाचावे लागते. त्या दिवशी आम्ही पाच जणांनी ते पाच प्रकारे वाचले. आणि त्यांतले सर्वांत नेमके वाचन ज्या आईला इंग्रजीचा गंध नाही तिचे होते, असे मला आज वाटते. ते का, हेच या लेखातून सांगायचे आहे.

प्रारंभ माझ्या स्वतःच्या जुन्या वाचनापासून करतो. शाळेत असताना आमची सहल भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेली होती. प्राणी पाहून झाल्यावर आम्हांला शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेण्यात आले. १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय. तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम असे होते. ज्या डॉक्टरांनी त्याच्या उभारणीसाठी परिश्रम घेतले त्यांचे नाव त्याला १९७५ साली मिळाले. त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले तोच हा. इंग्रजांनी १८६४ साली त्याला विलायतेला नेण्याचा घाट घातला, तेव्हा उचलण्याचे यंत्र मोडून त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ साली ते पुन्हा सांधण्यात आले. परंतु शाळकरी वयात माझे मन खिळले ते आतील मातीच्या लहान बाहुल्यांवर. निरनिराळ्या जातींची, धर्मांची आणि धंद्यांची माणसे: प्रत्येकाचे पागोटे वेगळे, नेसण्याची तऱ्हा वेगळी, हातातील हत्यार वेगळे. बोटाएवढ्या आकारात केलेले ते काम कौतुकास्पदच आहे. मी काचेला नाक लावून त्या बाहुल्यांत आपल्या माणसांना शोधीत होतो. लाल लुगडे नेसलेली, डोईवर भाजीची पाटी घेतलेली आमची आजी त्यांत कोठे आहे काय, असे मला पाहायचे होते.

आज विचार करता वाटते, आजी तेथे सापडली असती तरी ती मला भेटली नसती. त्या मांडणीत माणसाला नाव नसते, जात आणि धंदा असतो. व्यक्ती जाऊन तिच्या जागी नमुना येतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख अशीच करून घ्यायची होती: गणना करून, वर्ग पाडून, प्रत्येक वर्गाचा एक मासला समोर ठेवून. शिल्पकाराची बोटे हळुवार होती. ज्या दृष्टीने ती कामाला लावली ती दृष्टी मात्र कोरडी होती. या संग्रहालयाचे एक श्रेय येथे नोंदवले पाहिजे. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा उघडले, तेव्हापासून आजच्या चित्रकार-शिल्पकारांना बोलावून जुन्या संग्रहाशी संवाद करणाऱ्या कलाकृती तेथे मांडण्याचा उपक्रम करण्यात आला. आपल्याच संग्रहाला प्रश्न विचारू देणे, हे संग्रहालयाच्या प्रौढपणाचे लक्षण होय.

आता फोर्टमधील वास्तूकडे वळू. प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते ११ नोव्हेंबर १९०५ रोजी हिची कोनशिला बसवण्यात आली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट तिच्यावर उभारला. इमारत १९१४ साली पूर्ण झाली. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून झाला आणि १० जानेवारी १९२२ रोजी ती वस्तुसंग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. आजचे नाव तिला १९९८ साली मिळाले. मुलांना हा तपशील मी घुमटाखाली उभा राहून सांगत होतो, तेव्हा आई एका बाकावर बसून वर पाहत होती. "एवढी मोठी जागा, आणि मधोमध वेदी नाही," एवढेच ती म्हणाली. तो मला तिचा भोळेपणा वाटला. पण दिवस सरता सरता ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

तेथील शिल्पांमध्ये सिंधमधील मीरपूर खास येथील बौद्ध स्तूपाची पक्क्या मातीची शिल्पे आहेत. त्यांत एका भक्ताची मूर्ती आहे. पाचव्या-सहाव्या शतकातील हा पुरुष हातात कमळ घेऊन उभा आहे. त्याच्या अंगावर मूळच्या रंगाच्या खुणा अजून आहेत. तो स्तूप उभारण्यासाठी दान देणारा असावा, असे जाणकार मानतात. हे शिल्प अत्यंत देखणे आहे. परंतु त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले, की एक चमत्कारिक जाणीव होते. हे फूल कोणासाठी आहे? ज्याच्या चरणी ते वाहायचे तो स्तूप सिंधमध्ये राहिला. तो प्रदेश आज दुसऱ्या देशात आहे. भक्त येथे आहे, भक्तीचा विषय येथे नाही. आता त्याच्यासमोर आपण येतो, तिकीट काढून, आणि ते फूल जणू आपल्यापुढे धरलेले राहते. वस्तुसंग्रहालय वस्तू जतन करते, तिची दिशा मात्र हरवते. हा कोणा एका संग्रहालयाचा दोष नव्हे. या संस्थेच्या जन्मातच हे दुःख आहे.

याच वास्तूत आम्हांला भुईगाव भेटले. काळ्या दगडाचा एक तुकडा, त्यावर ब्राह्मी लिपीतील ओळी. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा हा अंश इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला. १९५६ साली तो वसईच्या किनारपट्टीवरील भुईगावात सापडला. त्याआधी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला होता. त्याच वर्षी त्यांनी तेथील 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा ढिगारा खणून बौद्ध स्तूप उजेडात आणला. हे सारे मी पुस्तकांत वाचले होते. परंतु आईचे माहेर भुईगाव. मुलीने पाटीवरचे नाव मोठ्याने वाचले आणि आई चमकून पुढे आली.

"आमच्या गावचा दगड? इथवर आला?"

"आजी, तुझ्या लहानपणीच सापडला आहे. तू तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"आठ असेन. पण मला कोणी सांगितलं नाही ग. कोणीच सांगितलं नाही."

हे शेवटचे वाक्य तिने तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. तिला वाईट वाटले होते. बावीस शतके आमच्या मातीत पडून असलेली वस्तू वर आली, शहरात आली, विद्वानांनी वाचली. आणि ज्या गावाच्या नावाने ती ओळखली जाते त्या गावातल्या एका मुलीला हे कळायला म्हातारपण यावे लागले! आपण सारे वसईचे इतिहासप्रेमी पोर्तुगीजांच्या आगमनापासून आपली कथा सांगू लागतो. त्याआधीची सोपाऱ्याची दीड-दोन हजार वर्षे जणू दुसऱ्या कोणाची असावीत, असे आपले वागणे असते. तो दगड 'आमचा' म्हणण्याचा अधिकार माझ्या आईने एका क्षणात बजावला. तिला त्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची गरज वाटली नाही.

मुलाने विचारले, "पण यावर लिहिलंय काय?" मला जे ठाऊक होते ते सांगितले. नवव्या लेखात राजा म्हणतो, की लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे विधी करतात. विशेषतः स्त्रिया असे पुष्कळ विधी करतात. ते करावेत; पण त्यांचे फळ थोडे. दास आणि सेवकांना नीट वागवणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम बाळगणे, श्रमण-ब्राह्मणांना दान देणे, हा धर्माचा विधी; त्याचे फळ मोठे. आईने हे लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाली, "बायकांचंच का बरं नाव घेतलं?" आम्ही हसलो. पण हा प्रश्न अभ्यासकांनीही विचारण्याजोगा आहे. अशी वस्तुसमीक्षा पाटीवर छापता येत नाही. ती समोर उभ्या असलेल्या माणसाकडूनच व्हावी लागते.

सोपाऱ्याच्या आठव्या लेखातला विषय तर आमच्यासारख्या सहलीला निघालेल्यांनी मनावर घेण्याजोगा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तीत शिकार आणि तत्सम करमणुकी असत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधीच्या स्थानास भेट दिली आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केली. धर्मयात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन घ्यायचे, वृद्धांना भेटायचे, त्यांना साहाय्य करायचे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचे. म्हणजे विहारयात्रा आणि धर्मयात्रा यांतला फरक ठिकाणाचा नाही, भेटीचा आहे. या कसोटीवर आपल्या पुष्कळशा यात्रा विहारयात्रा ठरतील आणि एखादी साधी सहल धर्मयात्रा ठरेल. कोणतेही प्रदर्शन तपासण्यासाठी मला यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही: ते आपल्याला कोणाची भेट घडवते काय? त्याच्यासमोर म्हातारी माणसे आणि मुले एकमेकांशी बोलू लागतात काय?

ही कसोटी लावून याच वास्तूत पूर्वी पाहिलेले एक मोठे प्रदर्शन आठवतो. नोव्हेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात 'इंडिया अँड द वर्ल्ड' हे प्रदर्शन येथे भरले होते. नंतर ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. ब्रिटिश म्युझियम आणि भारतातील अनेक संग्रह यांतील सुमारे दोनशे वस्तू नऊ कथांच्या धाग्यांत ओवल्या होत्या. नमन आहुजा आणि जे. डी. हिल हे त्याचे संयोजक-अभ्यासक. आम्ही उभयता तेव्हा चार वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो होतो. ग्रीक शिल्पकार मायरन याच्या मूळ कांस्यमूर्तीवरून रोमनांनी घडवलेला संगमरवरी थाळीफेकपटू तेथे पाहिला. मूळ मूर्ती केव्हाच नाहीशी झाली आहे. आपण जिला अभिजात म्हणून वाखाणतो ती प्रत आहे, ही गोष्ट विचार करायला लावते.

या प्रदर्शनाचे मोठेपण निर्विवाद आहे. भारताचा इतिहास एकट्याचा नव्हे; समुद्र, व्यापार, राज्ये आणि श्रद्धा यांनी तो जगाच्या इतिहासाशी जोडलेला आहे, ही गोष्ट त्याने व्याख्यान न देता, एका वस्तूशेजारी दुसरी ठेवून दाखवली. ज्या काळात प्रत्येक समाज आपापल्या भिंती उंच करीत आहे, त्या काळात हे काम मोलाचे होते. तरीही एक उणीव जाणवत राहिली. शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंची तुलना करताना त्यांच्यातील साम्य आधी दिसते आणि साम्यावरच मन संतुष्ट होते. ईश्वराला रूप देण्याविषयीच्या कथेत अनेक धर्मांची प्रतीके एकत्र येतात. पण एखाद्या मूर्तीपुढे कोणी गुडघे टेकले होते, एखादीपुढे कोणी नवस फेडला होता, हे तुलनेत मागे पडते. पूजेची वस्तू मग कथेचे उदाहरण होऊन राहते. प्रेक्षक मान डोलावतो आणि पुढे सरकतो. त्याला ज्ञान मिळते. भेट मिळेलच असे नाही. मी तेव्हा खूप काही टिपून घेतले होते. घरी आल्यावर मात्र त्याविषयी आम्ही दोघेच बोललो. आईला सांगण्याजोगे त्यात काही आहे, असे मला सुचलेसुद्धा नाही. दोष प्रदर्शनाचा किती आणि माझा किती, हे वाचकांनी ठरवावे.

वस्तू आपल्या जागेवरून उचलली गेली म्हणजे ती मुकी होतेच, असेही नाही. वसईकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली, तेव्हा येथील चर्चेसमधील घंटा मराठे सरदारांनी ठिकठिकाणी नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही टांगलेल्या आहेत. युद्धात जिंकलेली लूट म्हणून त्या गेल्या, ही वेदना खरीच. परंतु त्या घंटा देवाच्या दारीच राहिल्या. भाविकाचा हात त्यांना लागत राहिला; त्यांचे काम चालू राहिले. काचेच्या कपाटात ठेवलेली घंटा सुरक्षित असते, पण ती वाजत नाही. परक्या मंदिरात वाजणारी घंटा आणि आपल्याच संग्रहालयात गप्प असलेली घंटा, यांत अधिक जिवंत कोणती? या प्रश्नाचे एक उत्तर मला देता येत नाही. पण प्रश्न विचारल्यावाचून संग्रहालयाबाहेर पडू नये, असे वाटते.

दुपारी आम्ही गोरेगावला पोचलो. तेथे संत दहावे पायस यांच्या नावाच्या गुरुविद्यालयाच्या आवारात महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय आहे. आम्ही येत असल्याचे आधी कळवले होते. सकाळच्या भव्य वास्तूच्या मानाने हे घरगुती. जुन्या मूर्ती, याजकीय वस्त्रे, मिस्सासाठी वापरलेली पात्रे: ज्या वस्तू आपण देवळात दुरून पाहिल्या त्या येथे हाताच्या अंतरावर दिसतात. अशा वस्तू पाहताना एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. गोव्यात सतराव्या शतकात घडवलेल्या हस्तिदंती 'उत्तम मेंढपाळा'च्या मूर्ती आज जगभर विखुरल्या आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही त्या आहेत. बाल येशू डोंगरावर बसला आहे, गाल हातावर टेकला आहे, डोळे मिटलेले आहेत. त्या मुद्रेत अभ्यासकांना बुद्धाच्या ध्यानाची छाया दिसते. 'भारतीय-पोर्तुगीज' या जोडशब्दात अशा कलेची बोळवण केली जाते. पण जोडशब्दाला हात नसतात. मूर्ती घडवणाऱ्याला होते. त्या कारागिरांची नावे बहुधा कोणी लिहून ठेवली नाहीत. मीरपूर खासचा भक्त आणि गोव्याचा मेंढपाळ एकाच दिवशी मनात आणले, तर ध्यानाला बसलेले मन एकाच मातीतले आहे, हे पाटीवाचून कळते.

एका रंग उडालेल्या लाकडी मूर्तीसमोर आई थांबली. तिने डोक्यावर पदर घेतला, क्रुसाची खूण केली आणि ओठांतल्या ओठांत 'नमो मरिया' म्हटली. थोरली लाजली. "आजी, हे म्युझियम आहे," ती हळूच म्हणाली. आईने शांतपणे उत्तर दिले, "म्युझियम तुझ्यासाठी. संत संतच आहे."

इसवी सन ७८७ मध्ये निसीयाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने निर्णय दिला, की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमा जिची आहे त्या व्यक्तीपर्यंत पोचतो. त्या निर्णयात प्रतिमा कोठे ठेवली आहे, तिच्यासमोर काच आहे की नाही, याचा विचार नाही. आईने परिषदेचे नाव ऐकलेले नाही. तिचे आचरण मात्र तिला धरूनच होते. सकाळी घुमटाखाली तिला वेदी दिसली नव्हती. येथे तिने ती स्वतः उभी केली. समीक्षेच्या भाषेत सांगायचे, तर वस्तूची हरवलेली दिशा तिने क्षणभर परत आणली. हे प्रदर्शनकर्त्याला साधत नाही. प्रेक्षकालाच ते करावे लागते. चांगले प्रदर्शन तेच, जे अशा प्रेक्षकाला जागा करून देते आणि त्याला संकोच वाटू देत नाही.

आता एक कबुली देणे भाग आहे. परतीच्या गाडीत मी गप्प होतो, कारण त्या मूर्तीसारखीच एक मूर्ती आमच्या घरी होती. कोरीव लाकडी देव्हारा, आत संत अंतोनी, खाली मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेली फळी. वाडीतले जुने घर पाडून नवे बांधले, तेव्हा 'जुन्या सामानाला' चांगला भाव देणारा एक गृहस्थ आला होता. नव्या भिंतींना तो देव्हारा शोभणार नाही, असे मलाच वाटले. आईला मी विचारले नाही. ती तेव्हा सणासाठी माहेरी गेली होती. परत आल्यावर रिकाम्या जागेकडे पाहून ती काही बोलली नाही. ती आजवर बोललेली नाही. गोरेगावच्या त्या लाकडी मूर्तीसमोर तिने जी प्रार्थना केली तीत कोणत्या मूर्तीची आठवण होती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पवित्र वस्तू आणि मौल्यवान कलाकृती विकल्या जाऊ नयेत, त्यांची पांगापांग होऊ नये, याची धर्माधिकाऱ्यांनी दक्षता घ्यावी, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने १९६३ सालीच बजावले होते. तरीही त्यानंतरच्या काळात आधुनिकतेच्या उत्साहात किती देवळांतील जुन्या वेद्या मोडल्या गेल्या, किती मूर्ती अडगळीत गेल्या, हे प्रत्येक धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. २००१ साली व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारसाविषयक आयोगाने ख्रिस्तसभेच्या संग्रहालयांविषयी एक परिपत्रक काढले. असे संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचे कोठार नव्हे, ते श्रद्धावंतांच्या जिवंत जीवनाशी जोडलेले असले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. धर्माधिकाऱ्यांना जाब विचारणे सोपे आहे. मला मात्र आधी स्वतःला विचारावा लागतो. संग्रहालये वस्तूंना त्यांच्या माणसांपासून तोडतात, अशी टीका मी या लेखात केली. आमच्या घरचा संत अंतोनी कोणत्याही संग्रहालयाने तोडून नेलेला नाही. तो मी दिला. एखाद्या संग्रहालयाच्या हाती तो लागला असता, तर निदान काचेआड तरी आज आईला भेटला असता.

म्हणून वस्तुसंग्रहालयांकडून आपण काही मागावे, तसे आपल्याकडूनही मागावे. त्यांच्याकडून मागायचे ते एवढेच, की पाटीवर शतक आणि साहित्य यांच्याबरोबर ही वस्तू कोण वापरीत होते, कशासाठी, कोणत्या गावात, हेही लिहावे. आणि जेथून ती आली त्या गावाला कधीतरी बोलावून तिच्यासमोर उभे करावे. भुईगावची मुले शाळेच्या सहलीत त्या दगडापाशी आली, तर त्यांच्या शिक्षकांना फार बोलावे लागणार नाही. आपल्याकडून मागायचे ते असे, की घर पाडण्यापूर्वी, पेटारा रिकामा करण्यापूर्वी, घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारावे. आणि सहलीला जाताना त्या माणसाला घरी ठेवून जाऊ नये. तिचे गुडघे दुखतात, तिला चालवणार नाही, तिला काय कळणार, ही आपली नेहमीची कारणे. आम्हीही ती काढली होती; मुलांनी ऐकली नाहीत, हे आमचे भाग्य.

रात्री जपमाळ झाल्यावर मुलाने आजीकडे एक वही नेली. पाटीवर लिहितात तसे त्याला घरातील वस्तूंविषयी लिहायचे होते. आईने पेटाऱ्यातून स्वतःच्या लग्नातले लाल लुगडे काढले. त्याने विचारले, "साहित्य?" ती म्हणाली, "सुती." "काळ?" तिने सांगितले. मग त्याने वही तिच्याजवळ सरकवली आणि ती सांगेल ते लिहू लागला: हे कोणी आणले, त्या वर्षी भाताचे पीक कसे होते, ते नेसून ती भुईगावहून बैलगाडीने कशी निघाली. मजकूर पाटीत मावणार नव्हता. दुसरे पान उलटले, तेव्हा मी उठून आत गेलो आणि भिंतीवरची ती रिकामी जागा पाहिली. मुलाच्या वहीत त्या जागेचीही एक पाटी हवी. ती मात्र मलाच लिहावी लागेल, आणि लिहिण्यापूर्वी आईशी बोलावे लागेल.